थेंब पसरतो कसा? माझ्या एमएस्सी प्रोजेक्टचा अनुभव

एमएस्सीला उपयोजित गणित होतं. प्रोजेक्टसाठी विषय घेतला, काचेवर पडलेला तेलाचा थेंब किती वेगाने पसरतो. घरी सांगितल्यावर आईचा पहिला प्रश्न, "यात नोकरी कुठे मिळते रे?" असो.

थेंब जागेवर बसलेला असेल तर काम सोपं. थॉमस यंगने १८०५ मध्ये मांडलेला समतोल पुरतो, पृष्ठताणांवरून स्पर्शकोन, म्हणजे थेंबाचा काठ काचेशी करतो तो कोन, निघतो. गोची होते तो हलायला लागल्यावर. द्रव भिंतीला चिकटून असतो, घसरत नाही, हे आपण बीएस्सीपासून डोळे झाकून धरून चालतो. तेच थेंबाच्या काठाला लावलं की तिथलं घर्षणबल अनंत येतं. हुह आणि स्क्रिव्हन या संशोधकांनी १९७१ मध्येच हे दाखवून ठेवलंय. म्हणजे वहीतला थेंब पसरूच शकत नाही, आणि टेबलावरचा खुशाल पसरतोय!

सुटायच्या वाटा दोन. काठाजवळ द्रवाला जरासं घसरू द्यायचं, नाहीतर थेंबाच्या पुढे आधीपासूनच तेलाचा अतिपातळ थर आहे असं मानायचं. सरांचा कल पहिलीकडे होता, मी दुसरी धरली. थर मानला की काठ कुठे आहे ते शोधत बसावं लागत नाही, एकच समीकरण सगळीकडे चालतं. पण ते चौथ्या क्रमाचं, म्हणजे त्यात चार वेळा अवकलन येतं. संगणकावर सोडवताना थेंबावर बिंदूंची जाळी टाकतात, ती दुप्पट बारीक केली की साध्या पद्धतीत वेळेची पायरी सोळापट लहान करावी लागते. लॅपटॉप रात्रभर घरघरायचा. मोठ्या पायऱ्या घेता येणाऱ्या इम्प्लिसिट पद्धतीवर गेलो तेव्हा कुठे पंख्याला विश्रांती मिळाली. प्रत्येक रननंतर आधी थेंबाचं घनफळ बघायचो. तेच हललं असेल तर आलेख काढण्यात अर्थ नाही.

थेंबाचा पसारा वेळेच्या कितव्या घाताने वाढतो, तो घातांक लांबट पट्टीसारख्या थेंबाला १/७ च्या आसपास आला, गोल थेंबाला १/१०. हाच टॅनरचा नियम, १९७९ चा. १/१० म्हणजे काय ते आकड्यांत बघा: पहिल्या सेकंदाला त्रिज्या अर्धा मिलिमीटर असेल, तर एक मिलिमीटर व्हायला १०२४ सेकंद, म्हणजे सतरा मिनिटं. दोन मिलिमीटरला बारा दिवस! अर्थात तोवर गुरुत्वाकर्षण मध्ये पडतं आणि घातांक १/८ कडे सरकतो.

पडताळ्यासाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून आलेखाचा कागद आणला, त्यावर स्वच्छ पुसलेली काचपट्टी, वर सिलिकॉन तेलाचा थेंब आणि स्टँडला मोबाईल. तेल पारदर्शक, त्यामुळे काठ दिसेना. पण थेंबाखालच्या रेघा वाकलेल्या दिसतात. जिथे रेघ सरळ होते तिथे काठ. तेवढ्यावर मोजणी झाली.

तोंडी परीक्षेत विचारलं, पाणी का नाही घेतलं? साध्या काचेवर पाण्याचा काठ अडकतो, पुढे सरकताना कोन वेगळा, मागे येताना वेगळा. माझ्या समीकरणात ते नव्हतंच, तसं सांगून टाकलं.