अपडेट झालं म्हणे

मंगळवार, रात्र

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. कारण सांगितलं तर घरातले हसतील, म्हणून सांगितलं नाही.

सकाळी माझ्या सेवा केंद्रावर गावातले काकाजी आले होते, किसान सन्मानच्या ई-केवायसीला, म्हणजे अंगठा लावून आधारची ओळख पटवायला. दोन हजारांचा हप्ता अडकलाय. अंगठ्याचं मशीन लावलं, पान उघडलं, "ठेवा जी" म्हटलं. त्यांनी ठेवला. काही नाही. कापसाची सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन गेली, वेचणी जोरात आहे, बोंडांच्या टोकांनी सगळ्यांचीच बोटं फाटलेली. अंगठा न उमटणं इथं रोजचं. ओल्या फडक्यानं पुसा, तेलकट केसांवरून एकदा फिरवा, की उमटतो. पण आज मशीनचा लाल दिवाच लागत नव्हता. म्हणजे दोष अंगठ्याचा नव्हता, पानाचा निरोपच मशीनपर्यंत जात नव्हता. सेटिंगमध्ये शिरले, तर कालपर्यंत जे जिथं होतं ते तिथं नाही. वर बघितलं, डावीकडे बघितलं, तीन टिंबांवर दाबलं, परत आले. काकाजी अंगठा तसाच काचेवर दाबून बसलेले, हलवला तर माझंच काम बिघडेल अशा बेतानं.

मग म्हणाले, "बाई, तुमाले बी नाई सापडून राहिलं का? राहू द्या मंग. मी सवडीनं येतो."

चिडून म्हणाले असते तर परवडलं असतं. गेल्या महिन्यात एकानं टेबलावर मूठ आपटली होती, त्याचं मला काही वाटलं नाही. हे इतक्या मायेनं म्हणाले, की दिवसभर तेच डोक्यात. दुपारी ताट वाढलं तरी तेच. कीव केली का त्यांनी माझी? का आपल्यातलीच एक समजून बाजूला सरकून जागा करून दिली? यातलं जास्त वाईट कोणतं, तेही ठरत नाहीये.

संध्याकाळी लाइन आल्यावर उलगडा झाला. रात्रीतून ब्राउझर अपडेट झाला होता. कोणता ते लिहीत नाही, उद्या परत त्यालाच हात जोडायचेत. अंगठ्याचं काम असं चालतं, की सरकारी पान याच कॉम्प्युटरमधल्या 127.0.0.1 या पत्त्यावर हाक मारतं, तिथं मशीनचं सॉफ्टवेअर कान लावून बसलेलं असतं, ते अंगठा घेऊन पानाला देतं. इतकी वर्षं ही हाक कुणी अडवली नव्हती. आता ब्राउझर आधी विचारतो, या साइटला तुमच्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरशी बोलू द्यायचं का? विचारतो तेही कोपऱ्यातल्या एका चिमुकल्या चौकटीत, आणि आपण दुसरीकडे क्लिक केलं की ती चौकट गुपचूप मिटते. एकदा होकार दिला आणि लाल दिवा लागला. रिकाम्या खोलीत स्वतःचाच अंगठा ठेवून बघितला. लागला.

बरं, नियम चुकीचाही नाही. कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या वेबसाइटनं आपल्या न कळत घरातल्या राउटरचं, प्रिंटरचं दार ठोठावून बघावं, हे बंद व्हायलाच हवं होतं. मला ते पटतं. पटतं म्हणूनच जास्त चरफडायला होतं. राग काढायला जागाच ठेवली नाही लेकांनी.

मी शिकले तेव्हा बदलत नव्हतं असं. एमएस-सीआयटीला दारव्ह्याला जायचे, एसटीनं, आणि यांचा डबा आधी करून. तो निळा ई. इंटरनेट एक्सप्लोरर 6 आला 2001 साली आणि 7 आला 2006 च्या ऑक्टोबरात. मधली पाच वर्षं तो एका जागी बसून होता. जाणकार त्याला शिव्या देत, भोकंच भोकं म्हणत, आणि खरंच होती. पण बटण जिथं होतं तिथं होतं. डोळे मिटून हात जायचा. सरकारी साइटींवर खाली लिहिलेलं असायचं, ही साइट याच ब्राउझरमध्ये नीट दिसेल, म्हणून. कशात उघडायचं हा प्रश्नच नव्हता. त्याला 15 जून 2022 ला निवृत्त केलं. काही जुनी पोर्टलं मात्र त्याच्यावाचून चालेनात, म्हणून मायक्रोसॉफ्टच्याच नव्या ब्राउझरच्या, एजच्या पोटात त्याचा एक मोड ठेवलाय. निवृत्त झालेल्या मास्तरांना तासिकेवर बोलवतात, तसलंच.

यांनीच मला फायरफॉक्स दाखवला होता. 2004 च्या नोव्हेंबरात त्याची पहिली आवृत्ती आली, आमच्याकडे पोचायला अर्थातच वेळ लागला. एकाच खिडकीत पाच पानं उघडता येतात, याचं त्यांना काय कौतुक. वहीत त्यांच्या अक्षरात सगळ्या पायऱ्या लिहून ठेवलेल्या आहेत, अजून. ते आज नको.

तर 2011 पर्यंत सगळं बेतानं चाललं होतं. फायरफॉक्स 3.6 आला 2010 च्या जानेवारीत, 4 आला 2011 च्या मार्चमध्ये. वर्षाहून जास्त अंतर. आणि 5 आला त्याच जूनमध्ये! क्रोमनं आधीच सहा-सहा आठवड्यांची घाई लावली होती, मग हेही त्याच पंगतीला बसले. पुढे 2020 मध्ये फायरफॉक्स चार आठवड्यांवर आला, 2021 मध्ये क्रोम. 2022 मध्ये दोघांनीही शंभरी गाठली. तेव्हा एक गंमत झाली. आवृत्तीचा नंबर तीन आकडी झाला तर काही साइटींना तो वाचता येणार नाही, त्या बंद पडतील, अशी भीती होती. ते बनवणाऱ्यांनी महिनोन्‌महिने आधीपासून खोटा 100 लावून तपासलं. एवढी काळजी साइटींची! शंभराव्या आवृत्तीपुढे बसलेली बाई गोंधळेल का, हे कोण तपासणार?

सालगडीसुद्धा गुढीपाडव्याला बदलतो. वर्षभर एक माणूस, एक घर, एक वावर. इथं दर चार आठवड्यांनी मालक तोच, वावर तेच, आणि गडी म्हणून मी नवी. विळा कुठं ठेवलाय इथपासून विचारायचं.

आणि छोटं छोटं किती जातं यात. डाउनलोड केलं की खाली पट्टी यायची, आठवते का? 2023 मध्ये ती उचलून वर कोपऱ्यात बाण करून ठेवली. सातबारा डाउनलोड झाला की माझी मान अजून खालीच जाते. तिथं काही नसतं. मग वर. दिवसाकाठी कितीदा होत असेल. समोरच्याला वाटत असेल, बाईला मानेचा काही त्रास आहे.

धाकट्या पुतण्याला पुण्याला फोन केला. रडगाणं ऐकवलं नाही, फक्त ब्राउझर बदलू का विचारलं. तो खूष. "काकू, ब्रेव्ह टाक." मग म्हणाला, "नाही तर विवाल्डी. नाही तर ऑपेरा." मी म्हटलं, फरक काय? तेव्हा खरं बोलला पठ्ठ्या. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सगळ्यांच्या आत पान दाखवणारं इंजिन एकच, क्रोमियमचं. वरचा रंग निराळा. वेगळं इंजिन म्हणाल तर फायरफॉक्सचं गेको आणि ॲपलच्या सफारीचं वेबकिट. सफारी माझ्या खोक्यात येणार नाही. म्हणजे पाच जणांतून निवड म्हणता म्हणता दोघांवर आली, आणि त्यातला दुसरा सरकारी पोर्टलवर घातला की निम्म्या वेळा पान पांढरं.

गावात तर ब्राउझर कुणी निवडतच नाही. फोनमध्ये जो आला तो. मध्यंतरी सगळ्यांच्या फोनमध्ये यूसी ब्राउझर होता, डेटा कमी खातो म्हणून. 29 जून 2020 ला 59 चिनी ॲपांवर बंदी आली, त्यात तोही गेला. कुणी हूं की चूं केलं नाही. आणि तो पंधराशे रुपये अनामतीचा जिओफोन, 2017 चा? त्यातलं कायओएस हे फायरफॉक्स ओएसमधूनच निघालेलं. म्हणजे ज्या फायरफॉक्सचं नाव इथं कुणी ऐकलेलं नाही, त्याचं पिल्लू अर्ध्या गावाच्या बंडीत फिरून आलं. धाकट्याला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

फोन ठेवताना म्हणाला, "काकू, विंडोज 10 पण संपलं ना तुझं?" संपलं. 14 ऑक्टोबर 2025 ला. अकरा टाकायला मशीन नवं हवं, माझ्या खोक्यात ती सुरक्षेची टीपीएम चिप नाही. सोयाबीनचा 2025 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 आणि बाजारात काय मिळालं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. विषय बदलला.

इथपर्यंत लिहून उठले, पाणी प्याले. काकाजींचंच परत. तुमाले बी नाई सापडून राहिलं का. म्हणजे त्यांना सापडत नाही हे त्यांनी केव्हाच धरून ठेवलंय. त्यांच्या जन्मात किती अपडेट आले ते मोजायला बसले आणि हसायलाच आलं. सातबारा तलाठ्याच्या हातचा होता तो ऑनलाइन झाला. पेरा तलाठी लिहायचा, 2021 पासून ई-पीक पाहणी, स्वतःच वावरात उभं राहून फोटो काढा. पीकविमा 2023 ला एका रुपयात आला, 2025 ला एक रुपया गेला. मग फार्मर आयडी. खुद्द तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. आणि हे प्रत्येक वेळी त्यांना सांगितलं कुणी? मी. याच खुर्चीवरून. "काकाजी, आता नवीन आलं आहे, आधार आणि मोबाइल घेऊन परत या." कारण विचारलं की मी म्हणते, वरून आलंय. कुठल्या कोपऱ्यात कोणती चौकट आली आणि मिटली, हे मी तरी त्यांना कधी थांबून दाखवलं?

त्यांच्या लेखी मीच ती रात्रीतून होणारी गोष्ट असणार. आणि मी फुरंगटून बसले आहे, एक बटण हललं म्हणून.

वहिनी म्हणते तसं, बाई, तुझं नाटकच लय. असेल.

अपडेट बंद करून टाकायचा मोह होतो, ते मात्र करणार नाही. लोकांचे आधार, खाती, अंगठे या खोक्यातून जातात. दर काही दिवसांनी एखादं भोक सापडतं, चोरांना ते आधी सापडलेलं असतं, आणि ठिगळ लावेपर्यंत सगळं उघडं. विंडोजचं ठिगळ तर आता पुढं मिळत राहील की नाही, हाच प्रश्न. निदान ब्राउझर तरी ताजा असू दे.

मधला रस्ता काढलाय. पोर्टलांसाठी रोजचाच राहील, कारण ती पोर्टलं त्याच्यावरच बेतलेली आहेत. माझं बँकेचं, मेलचं आणि हे लिहिणं फायरफॉक्सच्या ईएसआरवर नेते. शाळा-कचेऱ्यांसाठी काढलेली ती आवृत्ती. सुरक्षेची दुरुस्ती तिला दर चार आठवड्यांनी मिळते, पण रंगरूप, बटणं, चौकटी साधारण वर्षभर जागच्या जागी. एवढंच तर मागत होते. आणि हॉटस्पॉटचं कनेक्शन मीटर्ड करून ठेवलं, म्हणजे विंडोजनं दिवसाचा दीड जीबी सकाळीच फस्त करू नये. काकाजींच्या वेळच्या त्या चौकटीचं वहीत लिहून ठेवलंय, यांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात. सकाळी काकाजींना निरोप धाडते, दुपारी या म्हणून, वेचणीतून सुटल्यावर.

धाकट्याला ईएसआरचं सांगणार नाही. म्हणेल, काकू, म्हातारी झालीस. आणि हे वर्षभराचं सुखही वर्षभराचंच, पुढं सगळं एकदम बदलणार, बारा महिन्यांचं साचलेलं एका सकाळी. पाडव्याच्या आसपास झालं तर बरं पडेल. निदान त्या दिवशी घरात पुरणपोळी असते.