गोगलगायींनी दिलेला पुरावा

सोमवारी सकाळी माशांच्या टाकीचा दिवा लावला तर जावा मॉस या पाणशेवाळावर लाल चेरी श्रिम्प आडव्या पडलेल्या. दोन वर्षं वाढवलेल्या चाळीसेक कोळंब्या. एकतीस मेल्या होत्या, उरलेल्या नऊ कुशीवर पडून पाय झाडत होत्या.

पहिला संशय स्वतःवरच. आदल्या दुपारी मी पाणी बदललं होतं. नळाच्या पाण्यातला क्लोरिन घालवणारं हायपो घालायला विसरलो तर नाही ना? पण रात्री झोपताना सगळ्या व्यवस्थित चरत होत्या, क्लोरिन इतका वेळ थांबत नाही. टेस्ट किट काढलं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ७.६, म्हणजे सगळं ठीक. मग पाण्यात तांबं उतरल्याची भीती वाटली. कोळंबीला ते अगदी थोडंही सोसत नाही, आणि महिन्यापूर्वीच आमचा गीझर बदलला होता.

मेलेल्या एकेक काढताना काचेवरच्या गोगलगायींकडे लक्ष गेलं. त्या निवांत शेवाळ चरत होत्या. पाण्यात तांबं असतं तर त्याही वाचल्या नसत्या. गोगलगायी मारायच्या औषधांत तांबं वापरतात. गप्पी मासे मलूल होते, पण जिवंत. आणि काचेवर रोज दिसणारे, टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड, कोळंबीचेच बारीक जातभाई, पार नाहीसे. म्हणजे गेले ते सगळे संधिपाद, सांध्यांच्या पायांचे, झुरळांचेच भाऊबंद! हे लक्षात आलं आणि पोटात गोळा आला.

"आई, रात्री कसला फवारा मारलास का गं?"

"ओट्याखाली झुरळं झाली होती रे. पण टाकी तर हॉलमध्ये आहे."

टाकी हॉलमध्ये, पण एअर पंप भिंतीपलीकडे, ओट्याशेजारच्या फळीवर. स्वयंपाकघरातली हवा ओढून तो रात्रभर पाण्यात सोडत होता. डब्यावर डेल्टामेथ्रिन लिहिलेलं. पायरेथ्रॉइड गटातलं हे औषध माशांनाही विषारीच, कोळंबीला मात्र त्याहून कितीतरी कमी पुरतं. ते मज्जातंतूंवर काम करतं, म्हणून ते पाय झाडणं.

पंप लगेच बंद करून बाल्कनीजवळ हलवला, अर्धं पाणी बदललं, फिल्टरमध्ये विष शोषून घेणारा ॲक्टिवेटेड कार्बन भरला. पुढे आठवडाभर रोज थोडं थोडं पाणी बदलत राहिलो. नऊपैकी चार वाचल्या.

आई दोन दिवस टाकीसमोर उभी राहिली नाही. तिला कसं कळणार होतं? पंप तिथे मीच ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "त्या चौघी खातायत का रे काही?" मी उकडलेल्या पालकाचं पान टाकायला तिच्या हातात दिलं.