हॉवर शिकण्यासाठी विमान निवडताना

रेडिओ नियंत्रणाचे विमान नीट उडवता आणि उतरवता येऊ लागल्यावर लूप (उभी गोल कोलांटी) आणि रोल (आडवी गिरकी) यांची नवलाई माझ्यापुरती दोन-तीन महिन्यांत संपली आणि हॉवरचे, म्हणजे नाक आकाशाकडे करून विमान प्रॉपेलरवर एका जागी टांगून ठेवण्याचे, वेड लागले. त्यासाठी वेगळे विमान लागते हे मला ऐकून माहीत होते. पण वेगळे म्हणजे नेमके कोणते, हे कळायला एक मोडलेले विमान आणि जवळजवळ पाच महिने खर्ची पडले.

पहिला प्रयोग मी हाताशी असलेल्या ट्रेनरवरच, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या विमानावरच, केला. त्याचे पंख वरच्या अंगाला जोडलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले होते, फैलाव 1.4 मीटर होता आणि बॅटरीसह वजन 1,150 ग्रॅम भरत होते. पूर्ण थ्रॉटल (मोटरची ताकद) देऊन एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप, ओढला की ते सरळ वर जाई, क्षणभर थबके आणि शेपटीवर घसरत खाली येई. तिसऱ्या वेळी ते जमिनीपर्यंत घसरले आणि पंखाची जोडपट्टी तुटली. घरी आल्यावर प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हुकाचा काटा खुंटीला बांधला, त्याचा हुक शेपटीत अडकवला आणि पूर्ण थ्रॉटल दिला, तेव्हा काट्याने 780 ग्रॅम ओढ दाखवली. हॉवरमध्ये पंख काहीच भार उचलत नाहीत, सगळे वजन प्रॉपेलरच्या ओढीवर तोललेले असते, त्यामुळे हे गणित उडण्यापूर्वीच चुकलेले होते. ओढ वजनाइतकी असेल तर विमान जेमतेम तरंगते. ते कलले आणि खाली बसू लागले तर सावरण्यासाठी शिल्लक काही राहत नाही. त्यामुळे ओढ वजनाच्या किमान दीडपट, आणि शिकणाऱ्यासाठी दुपटीजवळ असावी, हा पहिला निकष मी वहीत लिहिला.

दुसरा निकष ओढीइतकाच महत्त्वाचा असूनही माझ्या उशिरा लक्षात आला. हॉवरमध्ये विमानाला पुढचा वेग नसतो. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या झडपा), रडर (शेपटीची उभी झडप) आणि एलेव्हेटर यांच्यावरून वाहणारी हवा फक्त प्रॉपेलरने मागे फेकलेली असते. ट्रेनरचे अरुंद एलेरॉन पंखांच्या टोकांकडे असल्याने त्या झोतात येतच नाहीत. हॉवर शिकण्याच्या विमानाचे एलेरॉन अगदी धडापासून सुरू होणारे आणि रुंद हवेत, रडर आणि एलेव्हेटर विमानाच्या मानाने अवाढव्य वाटतील इतके मोठे हवेत आणि ते सगळे 45 अंशांपर्यंत वळायला हवेत. दिसायला हे ध्यान वाटते, पण काम तेच करते.

यानंतर माझ्यासमोर दोन पर्याय होते. पहिला, बाल्सा लाकडाचे, वर चकचकीत फिल्म लावलेले 1.2 मीटरचे तयार विमान. ते पाहताक्षणी मोह पडला हे कबूल करतो. मात्र हॉवर शिकताना विमान जमिनीपासून दोन-तीन मीटरवर असते आणि चूक झाली की सावरायला जागा नसते. बाल्साचे विमान अशा एका आपटण्यात महिनाभर टेबलावर पडून राहिले असते. एका सकाळी दहा वेळा आपटूनही जे अकराव्यांदा उडेल तेच मला हवे होते. दुसरा पर्याय ईपीपी या लवचीक प्लॅस्टिक फोमच्या सपाट विमानाचा, ज्याला शौकीन लोक फोमी म्हणतात. थर्माकोल तडकतो, ईपीपी वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. शिवाय थर्माकोलला साधे झटपट चिकटणारे सुपरग्लू खाऊन टाकते, तर ईपीपीला ते चालते, म्हणजे दुरुस्ती मैदानातच पाच मिनिटांत होते.

मी ईपीपी निवडला आणि विमान घरीच करायचे ठरवले. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानातून जाड ठोकळा आणला आणि नायक्रोमच्या तापलेल्या तारेने त्याचे 9 मिलिमीटर जाडीचे पत्रे कापले. (पहिले दोन पत्रे वेफरसारखे लाटांचे निघाले, कारण तार पुरेशी ताणलेली नव्हती.) ईपीपी लवचीक असल्याने पंखात आणि धडात कार्बनच्या सळ्या घालाव्याच लागतात, त्या टाळून वजन वाचवण्याचा विचार केला तर झोतात पंख पिळतो आणि एलेरॉनचा परिणाम अर्धा होतो.

आकाराबाबत मी बराच घोळलो. 80 सेंटिमीटरचे विमान हलके आणि खोलीएवढ्या जागेतही फिरणारे असते, पण ते चटकन बिथरते आणि वाऱ्याच्या झुळकीने वाहत जाते. शेवटी 1 मीटर फैलाव ठरला, कारण आपल्याकडे सहज मिळणारी 2212 आकाराची 1,000 केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला 1,000 फेऱ्यांची) मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक), 9 ग्रॅमचे सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि तीन सेलची 1,000 एमएएचची लिपो बॅटरी त्याला शोभते. प्रॉपेलर मुद्दाम मोठा आणि कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर पुढे कापणारा), 10 बाय 4.5 इंचांचा, घेतला, उभ्या विमानाला वेग नको असतो, ओढ हवी असते. तयार विमान 425 ग्रॅम भरले आणि त्याच हुकाच्या काट्याने 810 ग्रॅम ओढ दाखवली.

जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारा संवेदक) असलेला रिसीव्हर मी विचारपूर्वक टाळला. वारा असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो हे मला मान्य आहे, पण बोटांनी शिकायची दुरुस्ती यंत्राने आधीच केली तर बोटे कधी शिकणार, असे माझे मत होते आणि अजूनही आहे. त्याऐवजी ट्रान्समीटरवर 60 टक्के एक्स्पो ठेवला, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळ विमान हळुवार वागते, आणि तीन आठवडे रोज रात्री अर्धा तास सिम्युलेटरवर बसलो.

ओझर विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर यांमुळे नाशिकमध्ये कुठेही विमान उडवणे योग्य नव्हते. डिजिटल स्काय या ड्रोन उड्डाणाची क्षेत्रे दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर हिरवा भाग पाहून सिन्नरच्या पुढे मामांच्या रानात, कांदा निघाल्यावर, मी पहाटे जाऊ लागलो. आठनंतर वारा उठतो, म्हणून तीन बॅटऱ्या संपवून परतायचे. पाठ माझ्याकडे असताना डावा रडर दिला की नाक माझ्या डावीकडेच झुकते, हे सोपे. पोट माझ्याकडे आले की सगळे उलटते. तेव्हा नाकाऐवजी शेपटीकडे पाहायचे: स्टिक ज्या बाजूला, शेपटी त्या बाजूला. प्रॉपेलरच्या प्रतिक्रियेने विमान सतत डावीकडे गिरकी घेऊ पाहते, तिथे उजवा एलेरॉन धरून ठेवावा लागतो. रुंद एलेरॉनचे मोल मला तिथे कळले. बॅटरी सेंटिमीटरभर मागे सरकवल्यावर विमान एलेव्हेटरला अधिक मोकळेपणाने मानू लागले.

सहाव्या सकाळी ते डोक्याएवढ्या उंचीवर बारा आकडे मोजेपर्यंत उभे राहिले. बांधावरून पाहणाऱ्या मामांनी विचारले, "अरे, हे पुढे जाणार आहे की नाही?"

गोंद आणि टेप यांनी आता त्याचे वजन 470 ग्रॅमवर गेले आहे आणि थ्रॉटल पूर्वीपेक्षा वर ठेवावा लागतो. त्याचे कागदी नमुने मी जपून ठेवले आहेत. पुढच्या रविवारी नवे धड कापून तीच मोटर आणि तेच सर्वो त्यावर चढवायचे आहेत.