बारा बरोबऱ्यांचा वाद

अपराजित संघाचा विषय निघाला की फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये थोड्याच वेळात वाद सुरू होतो, आणि तो जवळजवळ नेहमी बरोबरीत सुटलेल्या सामन्यांवरून असतो. मी आर्सेनलचा पाठीराखा आहे आणि माझा एक जुना मित्र मँचेस्टर युनायटेडचा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या २००३-०४ च्या हंगामात आर्सेनलने ३८ पैकी एकही सामना गमावला नाही, असे मी म्हणालो की तो अगदी शांतपणे विचारतो, ‘‘बरं, आणि जिंकले किती?’’ जिंकले २६. उरलेले १२ बरोबरीत सुटले. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण मिळतो, म्हणजे आर्सेनलने २४ गुण मैदानात सोडून दिले आणि हंगाम ९० गुणांवर संपवला. पुढच्याच वर्षी चेल्सी एक सामना हरून ९५ गुणांपर्यंत गेली, २०१७-१८ मध्ये मँचेस्टर सिटीने दोन पराभव पत्करून १०० गुण मिळवले, आणि २०१९-२० मध्ये लिव्हरपूल तीनदा हरूनही ९९ वर थांबले. विजयाला तीन गुण मिळू लागल्यापासून एक विजय आणि एक पराभव या जोडीची किंमत दोन बरोबऱ्यांपेक्षा जास्त झाली आहे, त्यामुळे न हरणे हा गुणतक्त्याच्या दृष्टीने मोठा पराक्रम नव्हेच, असे त्याचे म्हणणे.

या युक्तिवादाला त्याच्याकडे एक हुकमी दाखलाही आहे. १९७८-७९ मध्ये इटलीच्या लीगमध्ये पेरुजिया हा संघ ३० सामन्यांत एकदाही हरला नाही. पण त्यातले १९ सामने बरोबरीत सुटले, विजय अवघे ११ झाले, आणि विजेतेपद एसी मिलानने नेले. हरले नाहीत, पण पहिलेही आले नाहीत. पेरुजियाचे नाव निघाले की माझी बाजू थोडी लंगडी पडते, हे मला मान्य केले पाहिजे.

तरीही माझे मत बदललेले नाही, आणि त्याचे कारण त्या बारा बरोबऱ्यांतच आहे. वरचढ संघाने दुबळ्या संघाला तीन-शून्य हरवणे ही अपेक्षित गोष्ट असते. अपराजित मालिका खरी जगते ती जो सामना हातातून गेलेला आहे त्या सामन्यात. २१ सप्टेंबर २००३ चा, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरचा सामना घ्या. गोल एकही झालेला नाही, आर्सेनलचा पॅट्रिक व्हिएरा ८० व्या मिनिटाच्या सुमारास लाल कार्ड मिळून बाहेर गेलेला, आणि भरपाईच्या वेळेत युनायटेडला पेनल्टी. युनायटेडच्या रूड व्हॅन निस्टलरॉयने चेंडू जोरात मारला आणि तो आडव्या खांबावर आदळून परत आला. लगेच आर्सेनलचा बचावपटू मार्टिन किओन दोन्ही हात उंचावून, जवळजवळ अंगावर झेपावत, त्याच्यासमोर ओरडला. ते वर्तन शोभनीय नव्हते, पण त्या एका छायाचित्रात तो सगळा हंगाम सामावला आहे, असे मला वाटते. खांब चार बोटे वर असता तर आज या संघाबद्दल कोणी वाद घातला नसता.

मित्राच्या मते हे नशीब आहे. नशीब आहेच, पण नशिबाची गरज पडेपर्यंत सामना शून्य-शून्यवर धरून ठेवणे हे नशिबाचे काम नव्हे. त्याच हंगामात ३ एप्रिलला आर्सेनल एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात युनायटेडकडून हरले आणि ६ एप्रिलला चेल्सीने त्यांना चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढले. तीन दिवसांनी हायबरी या घरच्या मैदानावर, लीगमध्ये लिव्हरपूलविरुद्ध मध्यंतराला ते १-२ असे मागे होते. उत्तरार्धात थिएरी हेन्रीने मैदानाच्या मध्यापासून चेंडू घेऊन, एकामागून एक बचावपटू मागे टाकत जो गोल केला तो मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. सामना ४-२ असा जिंकला. आठवड्यात दोन स्पर्धा गमावलेल्या संघाने तिसरीही सोडून दिली असती, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

इथे मित्र पुन्हा मला पकडतो. म्हणजे आर्सेनल त्या वर्षी हरले होतेच ना? हरले होते. लागोपाठ ४९ सामने न हरण्याची त्यांची मालिका, जी त्या हंगामाच्या आधी सुरू होऊन पुढच्या हंगामापर्यंत चालली, फक्त लीगची आहे, आणि कोणती मालिका कशी मोजली हे पाहिल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. मिलानचे ५८ सामने लीगचे, रोमानियातल्या बुखारेस्टच्या स्टाउआचे १०४ सामनेही लीगचेच; शिवाय हे शेवटचे हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीतले, त्यामुळे त्यांच्याकडे संशयाने पाहणारे अनेक आहेत. या निकषावर जर्मनीच्या बायर लेव्हरकुसेनची २०२३-२४ मधली मालिका मला सर्वांत थोर वाटते, कारण तिच्यात सर्व स्पर्धांचे सामने धरलेले आहेत: ५१.

त्यातल्या ४९ व्या सामन्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. ९ मे २०२४, युरोपा लीगचा उपांत्य फेरीचा दुसरा सामना, समोर रोमा. पहिला सामना लेव्हरकुसेनने २-० असा जिंकला होता. घरच्या मैदानावर मात्र दोन पेनल्टींमुळे ते ०-२ असे मागे पडले. ८२ व्या मिनिटाला रोमाच्या बचावपटूकडून स्वयंगोल झाला आणि एकूण गोलांवर लेव्हरकुसेन पुन्हा पुढे गेले. आता हा सामना १-२ ने हरले तरी अंतिम फेरी पक्की होती. शहाणा संघ अशा वेळी चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढतो. पण ९७ व्या मिनिटाला योसिप स्टानिशिच उजवीकडून आत शिरला आणि त्याने बरोबरीचा गोल केला. स्पर्धेच्या दृष्टीने त्या गोलाची काहीच गरज नव्हती. तो केवळ न हरण्यासाठी केलेला गोल होता, आणि त्याने पोर्तुगालच्या बेनफिकाचा साठच्या दशकातला, सर्व स्पर्धा धरून मोजलेला ४८ सामन्यांचा युरोपीय विक्रम मागे पडला. याच खेळाडूने अडीच आठवड्यांपूर्वी डॉर्टमुंडविरुद्धही ९७ व्या मिनिटालाच बरोबरी साधली होती. याला कोणी नुसते नशीब म्हणाले, तर मी त्याच्याशी पुढे वाद घालत नाही.

अशा मालिका संपतात त्या मात्र फार रुक्षपणे. लेव्हरकुसेनला डब्लिनच्या अंतिम सामन्यात अटलांटाने ३-० असे हरवले. तिन्ही गोल अडेमोला लुकमनचे, आणि सामन्यात कुठेही लेव्हरकुसेन परत येईल असे वाटले नाही. लिव्हरपूलची लीगमधली ४४ सामन्यांची मालिका वॉटफर्डने ३-० असा विजय मिळवून संपवली, आणि तो वॉटफर्ड त्याच हंगामात खालच्या श्रेणीत गेला.

आर्सेनलचा पन्नासावा सामना २४ ऑक्टोबर २००४ रोजी, पुन्हा ओल्ड ट्रॅफर्डवर होता. ७३ व्या मिनिटाला युनायटेडचा वेन रूनी आर्सेनलच्या सोल कॅम्पबेलच्या पायाजवळ पडला. स्पर्श झालाच नव्हता असे आम्ही आजही म्हणतो. पेनल्टी मारायला तोच व्हॅन निस्टलरॉय आला, आणि या वेळी चेंडू जाळ्यात गेला. दुसरा गोल शेवटी रूनीनेच केला. दोन वर्षांपूर्वी, एव्हर्टनकडून खेळताना, आर्सेनलची ३० सामन्यांची आधीची मालिकाही याच मुलाने शेवटच्या मिनिटाला संपवली होती. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या त्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता.

दरवर्षी २४ ऑक्टोबरला सकाळी मित्र न चुकता मला रूनीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतो. मी उत्तर लिहीत नाही. किओनचे ते छायाचित्र तेवढे परत पाठवतो.