आट्यांचं माप, दंडाचं माप

1 मार्च

वादळाचा हंगाम 1 जूनला सुरू होतो, म्हणजे हातात तीन महिने. 2024 च्या जुलैत बेरिल चक्रीवादळ आलं तेव्हा ह्यूस्टन परिसरात 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. ह्यूस्टनजवळच्या आमच्या केटी गावातल्या गल्लीत पाच रात्री काळोख. तेव्हा तयारीतल्या दोन उणिवा उघड्या पडल्या. बीपीचं मशिन कायम अॅडॅप्टरवर चालवायची सवय. सेल घालायला झाकण उघडलं तर जुने सेल आत पाझरून स्प्रिंगा हिरव्या झालेल्या. आणि रायफल मी सजवली होती रविवारच्या स्पर्धेसाठी, घरासाठी नव्हे. दोन वर्षं नुसतं "करू, करू" चाललंय. यंदा अप्पा रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आलेत, त्यामुळे आता टाळाटाळ नको.

नव्याने बंदुकीच्या नादाला लागणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: एच-1बी (नोकरीचा व्हिसा) किंवा टूरिस्ट व्हिसावर असाल तर इथल्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही. शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, भाड्याने हातात घेतलेली बंदूकही त्यातच धरतात. मीसुद्धा ग्रीन कार्ड येईपर्यंत फक्त व्हिडिओ बघत होतो.

9 मार्च

रायफल साधी एआर (इथली सर्रास दिसणारी अर्धस्वयंचलित), गोळी 5.56 मिलिमीटरची, बॅरल म्हणजे नळी 16 इंची. तोंडावर तीन कप्प्यांचा मझल ब्रेक. ब्रेकचं काम असं, की गोळीमागून सुटणारा वायू बाजूला आणि थोडा मागे वळवायचा, म्हणजे खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. स्पर्धेत दुसरी गोळी पटकन लागते, खरंय. पण 5.56 ला मुळात धक्का असतो किती? त्या थोड्याशा सुखाची किंमत शेजारच्या बाकावरचा माणूस मोजतो. आज रेंजवर शेजारच्या गृहस्थांची टोपी उडाली. ते काही बोलले नाहीत, फक्त सामान उचलून चार बाकं पलीकडे जाऊन बसले.

अप्पा मागच्या काचेआड बसून बघत होते. कोकणात शेतीच्या राखणीसाठी त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरं पळवायला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा. परतताना म्हणाले, "तीस वर्षं बार काढले, आणि इथे मला हातही लावू देत नाहीस."

"अप्पा, तुमचा व्हिसा..."

"व्हिसा राहू दे. त्या भोकांच्या टोपणामुळे आवाज फार होतो रे. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, ते कशामुळे असं वाटतं तुला?"

उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाच्या जास्त जवळ येतो, म्हणून तो आधी जातो. 5.56 चा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो आणि 140 च्या वर एकच दणकाही कानाला इजा करू शकतो. मी कानात बोंडं आणि वर कान झाकणारे मफ अशी दोन्ही घालतो, पण रात्री घरात काही घडलं तर कोण बोंडं शोधत बसणार?

22 मार्च

ब्रेकऐवजी नळीच्या तोंडावर काय बसवता येईल ते पर्याय तपासले. थोडक्यात लिहितो, कारण यावर पैज लावून भांडणारे बरेच आहेत.

कॉम्पेन्सेटर वायू वर सोडतो आणि नळीचं तोंड खाली दाबून धरतो. घरासाठी माझ्या उपयोगाचा नाही. लिनियर कॉम्प सगळा दणका पुढे ढकलतो. मारणाऱ्याला आवाज कमी जाणवतो, जाळ मात्र फारसा आवरत नाही. सायलेन्सरवरचा 1934 च्या कायद्यातला 200 डॉलरचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला, पण फॉर्म, बोटांचे ठसे आणि मंजुरीची वाट पाहणं तसंच आहे. शिवाय खुद्द सायलेन्सरची किंमत. पुढच्या वर्षी बघू.

राहिला फ्लॅश हायडर. नळीतून निघालेला तापलेला वायू बाहेरच्या ऑक्सिजनला भेटला की पुन्हा पेटतो, तोच तो मोठा जाळ. फ्लॅश हायडर हा वायू फोडून विखुरतो. जाळ समोरच्यापासून लपतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरा फायदा मारणाऱ्याच्या डोळ्यांना, अंधारात ते दिपत नाहीत. तीन काट्यांचा प्रकार जाळ फार छान मारतो, पण प्रत्येक बाराला ट्यूनिंग फोर्कसारखा "टुंग" वाजतो. अमेरिकन लष्कराच्या सुरुवातीच्या एम-16 रायफलींवर असेच उघडे काटे होते. व्हिएतनामच्या झाडोऱ्यात ते अडकायचे, म्हणून पुढे टोक बंद केलं. मी शेवटी घेतला तो सर्वांत स्वस्त, साधा ए-2, म्हणजे पिंजऱ्यासारखा, बंद टोकाचा फ्लॅश हायडर. त्याच्या खालच्या बाजूला खाचा नसतात, त्यामुळे पडून मारताना धूळ उडत नाही. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी मात्र माझी नक्कल करू नये, तिथे रायफलवर फ्लॅश हायडर म्हणजे वेगळंच कायदेशीर लचांड.

29 मार्च

आज पिंजरा बसवला. रायफल बॅरलच्या बाजूने नीट पकडून धरायची. नुसत्या रिसीव्हरला (बॅरल जिला जोडलेली असते ती पेटी) आवळून पाना फिरवलात तर आतली छोटी पिन दुखावते. क्रश वॉशरची (आवळताना चेपणारी चकती) रुंद बाजू बॅरलच्या खांद्याकडे, निमुळती पिंजऱ्याकडे. मी पहिल्यांदा उलटा घातला होता, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट जरा विस्ताराने लिहितो, कारण परवा ओळखीतला एक मुलगा हेच करायला निघाला होता. 5.56 च्या बॅरलला अर्धा इंच व्यास आणि इंचाला 28 आटे असतात. हेच आटे .22 ला असतात आणि बऱ्याच 9 मिलिमीटरच्या बॅरलांनाही असतात. त्यामुळे 5.56 चा ब्रेक 9 मिलिमीटरच्या बॅरलवर छान फिरत बसतो, घट्टही होतो. फक्त त्याच्या भोकातून 9 मिलिमीटरची गोळी जाऊ शकत नाही. पुढे काय होईल ते सांगायला नको. आटे जुळले म्हणजे माप जुळलं असं नाही. भोकाचा आकडा बऱ्याचदा त्या तुकड्यावर कोरलेला असतो, तो वाचा.

5 एप्रिल

आता बीपी. बॅगेत मावतं म्हणून मी मनगटाचं मशिन आणलं होतं. हात मांडीवर ठेवून एक आकडा, छातीपाशी धरून दुसरा. वरच्यात 16 चा फरक. पाण्याच्या स्तंभासारखा हिशोब आहे: हृदयापेक्षा हात 10 सेंटिमीटर खाली असला की साधारण 7-8 आकडे वाढतात. परत केलं.

दंडाचं घेतलं, तेही पडताळणी झालेल्या मशिनांच्या यादीत नाव बघून. अमेरिकेत अशी यादी उघड आहे, आंतरराष्ट्रीयही आहे. निकष साधारण असा, की 85 माणसांवर तपासायचं आणि सरासरी चूक 5 च्या आत राहिली पाहिजे. ब्लूटूथ, रंगीत पडदा, बोलणारी बाई यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. चार एए सेलवर चालणं मला जास्त महत्त्वाचं. लिथियमचे घेतलेत, आणि ते मशिनच्या बाहेर, वेगळ्या डबीत.

12 एप्रिल

आणि इथे मीच फसलो. सोबत आलेला पट्टा 22 ते 32 सेंटिमीटरचा. सौ.चा दंड 28, अप्पांचा 26. माझा टेप लावून मोजला तर 38! पट्टा बसत होता हो, वेल्क्रोचं टोक कसंबसं चिकटत होतं, म्हणून कधी शंकाच आली नाही. वरचं 149 यायचं. मोठा पट्टा मागवला, त्याच खुर्चीत त्याच वेळी 136. जॉन्स हॉपकिन्सच्या 2023 च्या अभ्यासात हेच आलं होतं: ज्यांना एक माप मोठा पट्टा हवा त्यांच्यात नेहमीच्या पट्ट्याने वरचा आकडा सरासरी 4.8 ने जास्त येतो, दोन मापं मोठा हवा असेल तर 19.5 ने. मी वेल्क्रोवर विश्वास ठेवून मीठ सोडलं होतं. सोडलं ते बरंच केलं म्हणा, 136 सुद्धा काही मिरवायचा आकडा नाही, आणि डॉक्टरांकडे आता दोन्ही पट्ट्यांची वही घेऊन जायचं आहे.

मिठावरून आठवलं. वादळाच्या डब्यातले कॅन केलेले पदार्थ, नूडल्स, वर आपलं फरसाण, पापड, लोणचं, सगळं मिठाचं कोठार. बीपीवाल्याच्या घरात तयारीचा डबाच बीपी वाढवणार. या वेळी कमी मिठाचे राजम्याचे डबे, बिनमिठाचे दाणे, सातू आणि भाजणी भरली. सर्दीची नाक मोकळं करणारी गोळीही काढून टाकली, ती बीपी चढवते.

26 एप्रिल

अप्पांना मोजायची पद्धत शिकवली. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर, अर्धा तास आधी चहा नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पहिला दिवस सोडून सरासरी. बाकी सगळं जमलं, पाच मिनिटं गप्प बसणं नाही. पट्टा फुगत असताना त्यांना विचारायचं होतं की तो जुना ब्रेक विकून किती आले.

"पंचेचाळीस डॉलर. आता बोलू नका, आकडा चुकेल."

आला 141. पुन्हा गप्प बसून घेतला, 127.

उरलेली कामं: सेल नसले तरी चालावं म्हणून काट्याचं हाताने फुगवायचं मशिन आणि स्टेथोस्कोप घ्यायचाय. ते एकदा पडलं की काटा चुकतो, तेव्हा कडक डबा हवा. पट्टा या वेळी टेप लावून. आणि नव्या पिंजऱ्याने रात्रीच्या रेंजवर एकदा मारून बघायचंय. आमच्या इथे ती महिन्यातून एकदाच असते आणि मेमधल्या सगळ्या जागा भरल्यात.