५.३ टर्बो, नोंद ४: क्रँककेसचा दाब १९ वरून ३ किलोपास्कलवर

इंजिन तेच: जीएमचं एलएम७, बोअर ९६ मिमी, स्ट्रोक ९२ मिमी, एकच टर्बो, बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा जादा दाब) १४ पीएसआय. गाडी फक्त क्वार्टर माइलच्या ड्रॅग शर्यतीसाठी. तक्रारी तीन. रनच्या शेवटी डिपस्टिक नळीतून वर येते, क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाच्या मेन सीलपाशी तेल पाझरतं आणि थ्रॉटल सोडला की निळा धूर निघतो.

आधी धुराचं बघू, कारण बहुतेकांचे पैसे इथेच फुकट जातात. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल केवळ उतारानं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, परत येतं, त्याला मागून ढकलणारं काही नसतं. क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत, बॅक कॉम्प्रेशन (पिस्टन रिंगांना चुकवून खाली आलेला गॅस, म्हणजेच ब्लो-बाय) साठलं की हे तेल ड्रेन होजमध्येच तुंबतं, टर्बोचा मधला भाग भरतो आणि तेल टर्बाइनच्या बाजूनं एक्झॉस्टमध्ये उतरतं. तिथलं सील रबरी नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते. तुंबलेलं तेल अडवणं तिचं कामच नाही. शाफ्ट बोटांनी हलवून बघितला, खेळ नेहमीइतकाच. म्हणून टर्बो उतरवला नाही.

दाब मोजण्यासाठी डिपस्टिकच्या नळीवर ३ बारचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) बसवून लॉगरला जोडला. १ बारचा सेन्सर इथे निरुपयोगी, तो साधारण १०५ किलोपास्कलला संपतो आणि आपल्याला वातावरणाच्या वरचंच बघायचंय. इंजिन बंद असताना जो आकडा दिसेल तो शून्य धरायचा. पहिल्या रनला ६,४०० आरपीएमवर १९ किलोपास्कल जास्त दाब आला, म्हणजे पावणेतीन पीएसआय. डिपस्टिक उचलायला एवढा पुरतो.

मग पीसीव्हीची (क्रँककेसमधला गॅस इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) होज काढून मॅनिफोल्डचं तोंड बुचानं बंद केलं. आकडा १४. म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह बूस्टखाली नीट मिटत नव्हता आणि मॅनिफोल्डमधली हवा थेट क्रँककेसमध्ये जात होती. फुकटातली दुरुस्ती आहे, रिंगांना दोष देण्याआधी ही करा.

उरलेला खरा ब्लो-बाय. गरम इंजिनवर १०० पीएसआयला लीकडाऊन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते बघणं) केलं, आठही सिलिंडर ६ ते ९ टक्क्यांत. वरच्या रिंगची गॅप बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००६ मिमी, म्हणजे ०.५८ मिमी ठेवलेली आहे आणि दुसरीची थोडी जास्त, म्हणजे दोन रिंगांमध्ये गॅस अडकून वरची रिंग उचलली जात नाही. ब्लो-बाय कमी करायला गॅप घटवू नका. बूस्टच्या उष्णतेत टोकं एकमेकांना भिडली की पिस्टनची लँड, म्हणजे रिंगांच्या खाचांमधली कड, तुटते. एवढा ब्लो-बाय राहणारच, त्याला वाट द्यायची.

वाट अरुंद होती. दोन्ही व्हॉल्व्ह कव्हरवर १० एएनच्या (एएन हे होजचं माप) होज होत्या, त्या जागी १२ एएन टाकल्या. भोक जवळपास दीडपट मोठं होतं. काटकोनी फिटिंग काढून शक्य तिथे सरळ किंवा ४५ अंशांची वापरली. फिटिंगची जागा कव्हरच्या पुढच्या टोकाला घेतली, कारण लाँचला, म्हणजे गाडी सुटताना, तेल मागे धावतं आणि मागची होज तेलच पिते. शेवटी ब्रेक लागले की तेल पुढे येतं, म्हणून आतून बॅफल (तेल अडवणारा आडोसा) हवाच. २ मिमी अॅल्युमिनियमची पट्टी भोकाखाली साधारण १५ मिमीवर वेल्ड केली, कडा बाजूंनी उघड्या. कव्हर बसवण्याआधी पट्टीखाली मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं. रॉकरचा ठसा उठला असता तर पट्टी वर घ्यावी लागली असती. नाही उठला. रन केला: ५.

शेवटचे दोन किलोपास्कल कॅच कॅननं (होजमधून आलेलं तेल गोळा करणाऱ्या डब्यानं) खाल्ले होते. झाकणावरचा छोटा फिल्टर तेलानं ओला होऊन गळा आवळत होता. आता मोठा फिल्टर आणि आत भांडी घासायची स्टेनलेस घासणी, सैल भरलेली. साधी लोखंडी वूल भरू नका, तिचे तंतू सुटतात. आकडा ३. डिपस्टिक जागेवर, धूर बंद, सील अजून किंचित ओलं.

कॅनची होज टर्बोच्या इनलेटला जोडली तर थोडी ओढ मिळते, पण तेलाची वाफ पेट्रोलचा ऑक्टेन खाली आणते आणि १४ पीएसआयला नॉकिंगचं (इंधन अनियंत्रित पेटण्याचं) भय. एक्झॉस्टमधून ओढणारा चेक व्हॉल्व्ह टर्बोआधी चालतच नाही, तिथे उलटा दाब असतो.

व्हॅक्यूम पंप तूर्त नाही. वेट सम्पवर (तेल इंजिनखालच्या चेंबरमध्येच असतं ती रचना) साधारण १२ इंच पाऱ्याच्या पुढे ओढलं तर पिस्टन पिनला उडणारं तेल कमी पडू लागतं. शिवाय साध्या सीलची ओठ तेल आत राखण्यासाठी असते. व्हॅक्यूममध्ये ती उचलली जाऊन बाहेरची हवा आत ओढते, म्हणजे सील बदलणं आलंच.

पुढच्या वेळी मागचं मेन सील नवीन, आणि दर रननंतर कॅनमधलं तेल मोजपात्रात ओतून मिलिलिटरमध्ये नोंद.