पळीभर पाणी

८ मे, अकोला

मुंज छान झाली. आत्याबाई, म्हणजे मी, मात्र भिक्षावळीतच आडव्या झाल्या.

दादाकडे कूलरसमोर बसून लिहितेय. सलाईनची सुई काढलीय, कापसाचा बोळा अजून हातावर आहे. बाहेर पारा ४४ ला टेकलाय. चूक सगळी माझी, हे आधीच लिहून ठेवते, कारण उद्या ह्यांनी विचारलं की मी उन्हावर ढकलणार आहे.

सकाळी सहाला नऊवारी नेसले. कार्यालयात बायकांसाठी एकच संडास, जिन्याखाली, आतून कडी नाही. नऊवारी सावरत तिथे कोण जाणार? म्हणून पाणीच कमी प्यायचं ठरवलं. आपण बायका हे शाळेपासून करत आलोय. एसटीत, लग्नात, सहलीत. पूर्वी ते खपून जायचं. घरी आलं की तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं, झाली भरपाई. आता तांब्या चालत नाही. सात आठवड्यांपूर्वी वजन उतरवायच्या ऑपरेशनात जठराचा तीन चतुर्थांश भाग काढून टाकलाय, उरलीय ती केळ्याएवढी नळी. मोठा घोट घेतला की छातीच्या मधोमध दगड अडकतो आणि तोंडाला फेसाळ लाळ सुटते. सकाळचं बुडालेलं पाणी दुपारी वसूल होत नाही. पाठ होतं हे मला. तरीही.

बटू झोळी घेऊन समोर आला, ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणाला, मी लाडू घातला आणि त्याचं चकोट केलेलं डोकं एकदम लांब गेलं. पुढचं वहिनीनं सांगितलं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बीपी निघालं ८६/५४. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बीपीच्या गोळीचा. घेतली होती. जुनीच, पूर्ण. वजन १४ किलोनं उतरलंय, पण गोळी तीच चालू! दुसरा प्रश्न लघवीच्या रंगाचा. चहासारखा, दोन दिवसांपासून. मग त्यांनी पुण्याला माझ्या सर्जनना फोन लावला. सलाईन लावायचं ठरलंच होतं, पण सर्जन म्हणाले, उलट्या होत असतील तर ग्लुकोज देण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्या. होत होत्या की. गाडीतली इडली घाईघाईनं खाल्ली तेव्हापासून दिवसाआड एक. शरीरात बी-१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, आणि तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, असं नंतर कळलं. उलटी म्हणजे ‘पोटाला झेपलं नाही’ एवढंच मी समजत होते.

सगळ्या पाहुण्यांचं निदान एकच: ‘काही खात नाही, मग चक्कर येणारच.’ वहिनी तर वाटीत बासुंदी घेऊन उशाशी. ‘वन्सं, निदान दोन चमचे.’ तिला काय सांगू, की आज खाणं नाही, पाणी चुकलं.

१० मे, परतीच्या गाडीत

बाटली मांडीवर. हिच्यावर ह्यांनी मार्करनं रेघा मारून दिल्यात, प्रत्येक रेघ १०० मिलीची. जळगावपर्यंत तीन रेघा संपल्या.

ऑपरेशननंतर दवाखान्यात ३० मिलीचे प्लास्टिकचे इवले कप मिळायचे. एक कप पंधरा मिनिटांत संपवायचा, ढकलून नाही, चोखत चोखत. म्हणजे तासाला १२०, चौदा तास जागं राहिलं तर १६८०. दिवसाला दीड ते दोन लिटर हवंच, असं डाएटिशियननं बजावलेलं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर दुसरं कामच उरत नाही. स्ट्रॉ नको, हवा पोटात जाते. सोडा नको. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास नको. आता उरलेल्या वेळात बसवा पाणी!

घरी आल्यावर तो कप हरवला. तेव्हा सासूबाईंनी देवघरातली तांब्याची पळी आणून दिली, मामंजींच्या संध्येची. ‘आचमन समज,’ म्हणाल्या. मी हसले, टाके दुखले. पण पळीत घोट मावतो तेवढाच, जास्त घेऊच शकत नाही. एक पळी, थांबायचं, पुन्हा एक. मधल्या वेळात मुगाचं गाळलेलं कढण, ताकाची निवळ, शहाळं. पहिले पंधरा दिवस असेच पळीवर निघाले. नंतर घोट मोठा झाला तशी पळी परत देवघरात गेली, आणि तिथेच मी ढिली पडले असावे.

तहान अशी लागतच नाही, हे कुणी सांगत नाही. भूकही नाही. भूक लावणारं संप्रेरक जठराच्या ज्या भागात बनतं, तो भागच बादलीत गेला. चाळीस वर्षं ‘कमी खा’ ऐकत आले. आता घड्याळ लावून स्वतःला भरवायचं.

२९ जून, पुणे

कंगव्यात आज केसांचा अख्खा गुंता. डाएटिशियन म्हणे, तिसऱ्या महिन्यापासून हे होतंच, झपाट्यानं वजन उतरल्याचा धक्का, येतात परत. पण त्याच श्वासात ‘प्रोटीन किती जातंय?’ मी वही पुढे केली. ४१ ग्रॅम. हवं किमान ६०.

आपलं ताट या हिशेबाला दगा देतं. आधी पोळी, मग भाजी, शेवटी वरण-भात. माझं पोट पोळीच्या चतकोरातच संपतं. आता उलटं करते: आधी घट्ट वरण नाहीतर पनीर, जागा उरली तर पोळीचा पापुद्रा. दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम पनीर ९, वरण ६, दूध ६, दही ४. बेरीज ३७. बाकी प्रोटीन पावडरीचा एक चमचा, २४. चव खडूसारखी, पण चमच्याला नाव ठेवून चालत नाही.

अंड्यांचा प्रश्न सासूबाईंचा. स्वयंपाकघरात अंडं येणार नाही, म्हणजे नाही. तोडगा असा निघाला की गॅलरीत, तुळशीला पाठ करून, विजेवरचं अंडी उकडायचं यंत्र. शिट्टी वाजली की त्या आतूनच ओरडतात, ‘तुझं झालं गं!’

गोळ्यांचं वेगळंच वेळापत्रक. लोहाची सकाळी, चहापासून लांब. कॅल्शियम दुपारी आणि रात्री, दोन्ही लोहापासून दोन तास तरी दूर, नाहीतर एकमेकींना शोषू देत नाहीत, जावाजावांसारख्या. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो, म्हणून तेही जन्मभर. बीपीची गोळी मात्र निम्मी झाली. वजनकाट्यापेक्षा मला त्याचाच आनंद जास्त झाला.

आषाढी एकादशी

एकादशी, दुप्पट खाशी. माझं आज सोळांश.

उपास करायचा की नाही यावर सकाळी घरात चर्चा. साबुदाणा चिकट, तो नळीत बसून राहतो, आणि प्रोटीन जवळजवळ शून्य. मी म्हणाले, नाहीच करत. सासूबाई थोडा वेळ गप्प, मग स्वतःच म्हणाल्या, ‘दूध, दही, पनीर, दाण्याची आमटी, सगळं उपासाचंच आहे की.’ झाला उपास. ३४ ग्रॅम. पावडर उपासाला चालते का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी पाहिलं नाही.

पाऊस सकाळपासून. गारव्यात पाण्याची आठवणच राहत नाही, मे महिन्यापेक्षा हे अवघड. आत्ता रात्रीचे साडेनऊ, बाटलीच्या तीन रेघा शिल्लक. देवघरात सासूबाई शेजारतीची तयारी करतायत. मघाशी पळी-पंचपात्र घासून ताटात ठेवताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘देवाचं झालं की देते हं.’